मोठ्यानं वाचा

आमच्या जर्मनीतल्या गावातल्या छोट्या थिएटरात रविवारी सकाळी जुने मूकपट दाखवायचे आणि पडद्याशेजारी एक आजोबा पियानो वाजवायचे. नाव मी कधी विचारलं नाही. पेडलवर पाय अलगद पडावा म्हणून ते बूट काढून लोकरी सपाता घालत, आणि काहीही विचारलं तरी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', एवढंच म्हणत.

पुण्याहून सासूबाई आल्या, तेव्हा भाषेची अडचण नको म्हणून त्यांना तिथेच नेलं. पण मधेमधे जर्मन वाक्यांच्या पाट्या आल्याच.

"अहो आई, तो म्हणतोय, माझी टोपी कुठंय?" मी कुजबुजले.

मागून एका गृहस्थांनी "श्श!" केलं. पियानो थांबला. मी गारच पडले.

आजोबा वळून म्हणाले, "मोठ्यानं वाचा! पूर्वी थिएटरात कुणीतरी वाचायचंच."

मग दर पाटीला ते माझं मराठी संपेपर्यंत हात वर धरून थांबत. सासूबाई हसल्या की मगच पुढचा सूर.

त्या परत गेल्यावर मी एकटीच गेले. पहिली पाटी आली आणि पियानो थांबला. 'आई नाहीयेत' अशी मी खूण केली. तरी आजोबांचे हात वरच.

शेवटी मागचे ते श्शवाले गृहस्थ वैतागून म्हणाले, "आल्झो, चला, वाचा की!"