सुभेदाराची इंजेक्शनं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कुणी केलं ते बातमीच्या पहिल्या ओळीत यावं, असं नव्या वार्ताहरांना मीच शिकवतो. इथं मात्र ते लांबवतोय — का?

कोरेगावजवळ माझा चुलतभाऊ दत्ता राहतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, मग कारवान जातीचा कुत्रा पाळला. नाव ठेवलं सुभेदार. आपल्याला बढती मिळाली न्हाई, कुत्र्याला तरी मिळू दे, म्हणायचा. कुत्रा देखणा, पण त्याच्यापासून एकही मादी गाभण राहीना. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं. बीज कमी होतं, पण वाढण्यासारखं. त्यांनी हार्मोनची इंजेक्शनं दिली आणि बजावलं — नर-हार्मोन थेट टोचू नका. कुत्रा जोशात येतो, आतलं बीज आटतं.

वडिलांना इन्सुलिन देऊन माझा हात बसलेला. सांगलीहून दर रविवारी येऊन मीच टोचायचं ठरलं.

त्याच दिवशी ओट्यावर गावातली माणसं बसली होती. आम्हाला मूल नाही, हे सगळ्यांना ठाऊक. दत्ता म्हणाला, "सुभेदाराला इलाज घावला. तुझं बी इचारू का रं डॉक्टरास्नी?"

सगळे हसले. माझी बायको चहा घेऊन दारात उभी होती. ती तशीच आत गेली — चहासकट.

राग दत्ताचा होता. मग कुत्रा का? दत्ताला दुसरीकडे कुठं दुखतं, मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांचं औषध मी मोरीत ओतलं. व्यायामशाळेतली पोरं चोरून घेतात ते नर-हार्मोन सांगलीत मिळवलं आणि तेच टोचत राहिलो. सुभेदार जागचा हलायचा नाही. झाल्यावर माझा हात चाटायचा. महिन्याभरात तो जोशात आला. "तुझ्या हाताला गुण हाय गड्या," दत्ता म्हणाला.

पुढच्या तपासणीत बीज शून्य निघालं. काही कुत्र्यांना औषध लागू पडत नाही, डॉक्टर म्हणाले. मी तिथं थांबलो असतो, तर कदाचित ते परत आलं असतं. दत्तानं आणखी एकदा उपचार करून बघू म्हटलं. मी तीही इंजेक्शनं दिली — सांगलीतून आणलेलीच.

शेवटी त्यानं नाद सोडला. एकटाच सांगलीला आला, चप्पल काढून दारातच बसला.

"वैनी, त्या दिवशी मी लय वंगाळ बोललो. आता कळतंय."

माझ्याकडे बघायचं त्याला जमेना. मी त्याला हाताला धरून उठवलं. माफ केलं, असं म्हणालो.