एका रेषेतला उजेड

"एका बाजूनं, बावा, एकाच बाजूनं!" असं म्हणत आमचे सर कुणाचंही मनगट धरत. टेबल पुसणाऱ्या चहावाल्याचं धरलं, फळा पुसताना माझं धरलं. प्राचार्य टकलावरचा घाम मागं-पुढं पुसत होते तेव्हा त्यांचंही धरलं असतं, मीच आडवा आलो.

मंडळी, गोंदियातल्या आमच्या कॉलेजात ते रसायन शिकवत, मी भौतिकी. माणूस अर्जुनी मोरगावचा. मोबाईलच्या पडद्यासाठी स्वतः उजळणारं द्रवस्फटिक बनवायचं, हा त्यांचा ध्यास.

"म्हणजे काय, सर?"

"वाहते पाण्यावानी, पण कण राह्यतेत पेंढीतल्या काड्यांवानी, सारे एका रेषेत. पडद्यावर ऊन चमकू नये म्हून गाळणी लावतेत ना जी, ते एकाच रेषेतला उजेड सोडते, अर्धा तिच्यात मरते. कण रेषेत असले त उजेडही रेषेत निंगते. मंग गाळणी अडवत नाही!"

कण रेषेत निजावेत म्हणून काचेवरचा लेप मखमलीनं एकाच दिशेनं घासायचा. सरांनी इतक्या काचा घासल्या, की इटियाडोहाचं धरण कमी कष्टात झालं असेल. कधी वीज जाई, कधी लेप फाटे. निवृत्ती दिवाळीआधी, मागोमाग प्रयोगशाळेची संगणक खोली होणार. उजळणारा तो पिवळा पदार्थ उरला चिमूटभर. त्याची शेवटची काच करून सर दसऱ्याच्या सुट्टीवर गेले.

परतल्यावर त्यांनी नोटा तपासायचा जांभळा दिवा तिच्यावर धरला. काच पिवळीजर्द उजळली! सर असे नाचले, की तिकडे शेजारच्या मुर्री गावात भांडी पडली म्हणतात.

मी गाळणी धरून फिरवली. रेषेतला उजेड एका वळणावर विझायला हवा. विझेना. पुन्हा फिरवली. विझेना. सरांनी काचेवर बोट फिरवून हुंगलं.

"हळद!" जांभळ्या दिव्यात तीही पिवळी उजळते.

सफाईवाल्या मावशी दारातच होत्या. "मीच वाह्यली जी. दसऱ्याले साऱ्या मशिनीले वाह्यली. तुमच्या काचेले त दोन बोटं जास्ती, यश यावा म्हून. मंग पुसूनबी ठेवली."

"कशी पुसली?"

मावशींनी हात गोल गोल फिरवून दाखवला, अगदी अभिमानानं.

आता स्टूल उडणार म्हणून मी खाली वाकलो. सरांनी काच टेबलावर ठेवली. मग मला म्हणाले, "काऊन वाकून राहिले जी? चहा सांगा. मावशीलेबी."

निरोप समारंभात प्राचार्य बोलले, की सरांनी संशोधनाचं शिखर गाठलं. शाल झाली, श्रीफळ झालं. सर माईकशी आले.

"झालं नाही," एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

लोकांना तो विनय वाटला. टाळ्या थांबेनात. सर चिडून पुन्हा उठले, माईक दोन्ही हातांनी धरला.

"खरंच झालं नाही जी!"

टाळ्या आणखी वाढल्या.