नारळ दाराबाहेर

भीमराव अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंपघरात होते आणि पंप चालू होता. कापूरहोळहून त्यांच्या सूनबाई बोलत होत्या, हळू आवाजात, रडू आवरत. तरी एकेक शब्द मला नीट ऐकू आला. वीस हॉर्सपॉवरचा पंप हातभर अंतरावर फिरत असताना फोनवर असं बोलता येतं, ही करामत अण्णांचीच. पायरीवर बसून मी पोटभर रडून घेतलं... पंप मात्र बंद केला नाही. वरच्या वस्तीच्या पाण्याची वेळ होती, आणि पाण्याच्या वेळेला पंप बंद ठेवलेला अण्णांना खपला नसता.

अण्णा कापूरहोळच्या फाट्यावरचे फिटर. अंगानं काटकुळे, बोलायला कमी, आणि बोलले की समोरच्याची विकेट काढणारे. आमची वाडी वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या अंगाला. नदीकाठच्या विहिरीतलं पाणी चढावरच्या वस्तीला न्यायची आमची योजना दोनदा बसली आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत पंपाचं बेअरिंग गेलं. वरच्या वस्तीतल्या बायका पुन्हा हंडे घेऊन चढ चढू लागल्या. तिसऱ्या खेपेला पाणी समितीची अध्यक्ष मी होते. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतंय, असं पारावर उघड बोललं जायचं. हाही पंप गेला असता तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणून मी स्वतः एसटीनं जाऊन अण्णांना घेऊन आले.

त्यांनी पंपाखालच्या जुन्या सिमेंटच्या पायावर लेव्हल ठेवली, तिच्यातल्या बुडबुड्याकडं बघितलं आणि चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले की पंपाचा काही दोष नव्हता, पायाच कलता आहे, हा फोडा. फोडला. नवा घातला. त्याच्यावर दिवसातून दोनदा पाणी मारायचं काम त्यांनी अध्यक्षीणबाईंना लावलं, आणि मी मुकाट्यानं केलं. मग पंप आणि मोटर ज्या लोखंडी चौकटीवर बसतात ती चौकट पायावर ठेवली. तिच्या चार कोपऱ्यांखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवायच्या, बुडबुडा बघायचा, पट्टी काढायची, दुसरी घालायची... दोन दिवस हेच. मी कावले. म्हटलं, "अण्णा, पंप बसवताय का मुलगी पसंत करताय?" मान वर न करता म्हणाले, "पोरगी एकदा बघून भागतं. ह्याला वळूनवळून बघाय लागतं."

इकडं मी उद्घाटनाचा दिवस ठरवून मोकळी झाले होते. मांडव, पाहुणे, भजी, सगळं. अण्णांनी बरंच कुरकुरून माझ्या घाईशी जुळवून घेतलं. त्या दिवशी पहाटे त्यांनी चौकट पायाला धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या खड्ड्यांत लवकर धरणारा सिमेंटचा मसाला ओतला. तो धरला की संध्याकाळी पंप चालू. दहा वाजता आम्ही बायका आरतीचं ताट घेऊन आत घुसलो. अण्णा बौद्ध. आमची पूजा सुरू झाली तसे ते अदबीनं बाहेर जाऊन उभे राहिले. मी हळदीकुंकू वाहिलं, नारळ उचलला आणि नवं काम म्हणून जोर लावून त्या चौकटीच्या कोपऱ्यावरच हाणला! एका फटक्यात फुटला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मी पण हसले.

पाहुणे मांडवात गेल्यावर अण्णांनी पुन्हा लेव्हल ठेवली आणि मला बाजूला बोलावलं. बुडबुडा एका कडेला जाऊन बसला होता.

"कोपरा बसलाय, बाई. पट्टी सरकली."

"म्हणजे आज चालू होणार नाही?"

"हुईल की. सांजच्याला पानी बी चढंल. पन दिवाळीपतूर बेअरिंग खाईल, मागल्या दोनांवानी." मग लेव्हल पुसत म्हणाले, "तुमच्या पूजेच्या आड मी कशाला येऊ, म्हनून गप ऱ्हायलो. बोलाय पायजे हुतं. चूक फिटरची हाय, असं सांगा लोकास्नी."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. सगळं गाव बाहेर बसलेलं, माझी अब्रू पणाला लागलेली, आणि हा माणूस स्वतःचं नाव पुढं करत होता. मी मांडवात गेले, माईक घेतला आणि सांगून टाकलं की नारळ मी फोडला, नको तिथं फोडला, आज पाणी नाही. लोक हसले. तिसराही गेला, असं कुणीतरी मागून म्हणालं. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि भजी न खाताच गेले. माझे कान तापले होते, पण खरं सांगते, आतून मला हलकं वाटत होतं.

मसाला पुरता धरायच्या आत अण्णांनी खरवडून काढला. चौकट उचलली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी बुडबुडा मला वाचायला लावला, आणि त्यांनी खोट काढायच्या आधी मीच काढली तेव्हा स्वारी खूश झाली. मसाला धरायला चांगले चार दिवस दिले. पाचव्या दिवशी बटण दाबलं. अण्णांनी काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास चालत्या मोटरीवर ठेवला. चहा हलला, पण थेंब सांडला नाही! थोड्या वेळानं वरच्या वस्तीतून फोन आला. कुणी काही बोललंच नाही; नुसते हंडे खणखणत होते आणि बायका हसत होत्या. अण्णांनी तो ग्लास उचलला आणि सावकाश पिऊन टाकला. त्यानंतर आमच्या पंपाचं बेअरिंग बदलावं लागलेलं नाही. पारावरही माझ्या नावानं कुणी बोलत नाही.

तिथून पुढं अण्णांनी एक रीत धरली. पंप कुठंही बसवायचा असो, आधी नदीतला एक चपटा धोंडा आणून पंपघराच्या दाराबाहेर रोवायचा आणि बायकांना बजावायचं, नारळ हितं. आपल्या घरी कधी नारळ न फोडणारा हा माणूस आमच्या नारळासाठी दगड मात्र निवडून निवडून आणायचा. वेल्ह्यात आणि भोरच्या अंगाला असे किती दगड आहेत, मला मोजता यायचे नाहीत.

अण्णांच्या माघारी, गेल्या आठवड्यात भोरकडच्या एका गावात नवा पंप बसला. आता दोन गावांत माझं नाव आहे, म्हणून नारळ फोडायला मला बोलावलं होतं. फिटर कुणी परका, अण्णांना न ओळखणारा. नारळ बाहेर फोडू, असं सांगायला मी तोंड उघडणार, तोच तिथली एक तरुण सूनबाई ताट घेऊन आली आणि मला थेट दाराबाहेरच्या दगडाशी घेऊन गेली. मी मुद्दाम विचारलं, आत का नाही? तिनं माझ्याकडं असं बघितलं, की या काकूंना एवढंही कसं ठाऊक नाही!

"पंपाचा नारळ भायेरच फोडत्यात, काकू. आमच्यात पयल्यापास्नं हाय तसं."

"व्हय बाई," मी म्हटलं, "पयल्यापास्नंच हाय." आणि तिच्या हातातला नारळ घेऊन, सगळा जोर लावून, त्या दगडावर फोडला.