समेवर न येणारे घड्याळजी

घड्याळांचा मनापासून तिटकारा असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो अमरावतीतला नावाजलेला घड्याळजी होता. इर्विन चौकाच्या अलीकडे त्यांचं चिंचोळं दुकान होतं. भिंतीवर लंबकाची घड्याळं, काचेच्या पेटीत हातघड्याळं आणि मधोमध डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी. आत पाऊल टाकलं की चहूकडून टिकटिक ऐकू यायची. पण संध्याकाळचे सहा वाजले की ते उठत, एकेक लंबक बोटानं थांबवत आणि काचेच्या पेटीवर जाड घोंगडी टाकत. सहा वाजता आमच्या चर्चच्या गाण्याची तालीम तिथंच असे, आणि ते जे गाणं शिकवत त्याला ताल नव्हता. टिकटिक कानात शिरली तर गाणाऱ्यांना तालाची बाधा होईल अशी त्यांना धास्ती वाटे. त्यामुळे लोकांची भिंतीवरची घड्याळं दुरुस्त होऊन परत जायची ती तास-दीड तास मागे पडलेली. कुणी तक्रार केली तर ते शांतपणे सांगत, की घड्याळात काही दोष नाही, तेवढा वेळ देवाच्या कामी गेला असं समजा.

तरुणपणी ते पाद्री व्हायला नागपूरला गेले होते. तिथं ते लॅटिन प्रार्थनांचं जुनं गाणं शिकले आणि नंतर लग्न करावंसं वाटलं म्हणून परत आले. पाद्री होणं राहिलं, गाणं राहिलं नाही. ग्रेगोरियन गायन असं त्या गाण्याचं भारदस्त नाव. सगळ्यांनी मिळून एकच सूर धरायचा, साथीला पेटी नाही की तबला नाही, आणि शब्द नेतील तसं जायचं. आलेलुया म्हणायचं झालं तर शेवटच्या ‘आ’वर इतकी वळणं, की नवखा माणूस एकदा आत गेला म्हणजे बाहेर येईल की नाही याची काळजी वाटावी. चार रेघांवर चौकोनी ठिपके मांडलेलं एक जाडजूड पुस्तक त्यांच्याकडे होतं. ते आम्हाला वाचता येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं लॅटिन देवनागरीत उतरवून प्रत्येकाला वही करून दिली होती.

या गाण्यात श्वासाला फार महत्त्व. ओळ तुटू द्यायची नाही, म्हणून शेजारचा श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा. मग त्यांना साऱ्या गावाच्या श्वासाची काळजी लागली. दुकानावरून एक संत्रीवाला ओरडत जायचा. त्याला थांबवून घड्याळजींनी सांगितलं, की तुझा आवाज उत्तम आहे, पण ‘गोड’ आणि ‘संत्री’ यांच्या मधात थांबू नकोस. तो रोज शिकवणी घेत असे, कारण प्रत्येक शिकवणीमागे घड्याळजी डझनभर संत्री विकत घेत. शेवटी त्यांच्या बायकोनं घरात संत्र्यांना बंदी घातली, तेव्हा ती आमच्या वाट्याला येऊ लागली.

मी सत्तावन्न साली मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून अमरावतीला आले. मूळची मी चांदूर बाजारकडच्या खेड्यातली. माझा आवाज लहानपणापासून जाड. बोर्डिंगात गाणं शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, की रांगेत उभी राहा, पण नुसते ओठ हलव. मी दहा वर्षं ओठ हलवले. शिक्षिका झाल्यावरही कविता चालीवर म्हणायची वेळ आली की मी मुलींनाच पुढं करायची. या गोष्टीची मला इतकी लाज वाटे की ती मी आईलाही सांगितली नव्हती.

अमरावतीतल्या माझ्या दुसऱ्याच रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर एक किरकोळ, टोपीवाला माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“बाई, तुमी ओठ हालवून राहिल्या अन् आवाज नाई निंगून राहिला. काहून?”

मला रडूच कोसळलं. ते गोंधळले, मला दुकानात घेऊन गेले, बायकोला बोलावून चहा दिला आणि मग म्हणाले, की रडून झालं असेल तर एक ओळ म्हणून दाखवा. मी खाली मान घालून म्हटली. एव्हाना डोळ्याला लावलेलं भिंग त्यांनी काढून ठेवलं. “वरचा आवाज गल्लीगल्लीत भेटते,” ते म्हणाले. “हा खालचा मी सहा वर्सापासून ढुंढून राहिलो. उद्यापासून येत जा तू.” त्या एका वाक्यात मी ‘बाई’ची ‘तू’ झाले, आणि मला आजही ते वाक्य जसंच्या तसं आठवतं.

त्यांचं स्वप्न निराळंच होतं. एका सुराचं गाणं झालं, आता चार आवाजांचं व्हावं. दोन बायकांचे, दोन पुरुषांचे. प्रत्येकाची चाल वेगळी, प्रत्येकजण वेगळ्या वेळी सुरू होणार आणि तरी सगळं मिळून एकच गाणं. पुरुषांचा खालचा आवाज म्हणजे बडनेऱ्याचे एक रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन, वरचा म्हणजे दवाखान्यातले कंपाउंडर. बायकांचा वरचा आवाज खुद्द घड्याळजींच्या बायकोचा. खालचा तेवढा नव्हता, तो मी आले. आम्ही सगळेच ढोलकी-टाळांच्या भजनात वाढलेलो. तोंडानं लॅटिन सुरू झालं की हात आपोआप मांडीवर पडायचा. त्यावर घड्याळजींनी उपाय काढला. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या द्यायचा. ज्याचं पाणी सांडलं त्यानं ताल धरला. पॉइंट्समन पहिल्या आठवड्यात रोज ओल्या धोतरानं बडनेऱ्याला परतत.

नाताळच्या सकाळच्या मिस्सेला आम्ही चार आवाजांत पहिल्यांदा उभे राहिलो. चर्च भरलेलं होतं. पॉइंट्समननी सुरुवात केली. मग कंपाउंडरांचा आवाज आला, आणि पॉइंट्समन थांबले. आपल्याकडे दुसरा बोलायला लागला की आपण गप्प बसतो, तो वऱ्हाडी भलेपणा त्यांच्या अंगात मुरलेला होता. तालमीत घड्याळजी समोर डोळे वटारून असायचे, म्हणून निभत होतं. इथं एवढ्या माणसांसमोर सगळ्यांना शिष्टाचार आठवला. घड्याळजींच्या बायकोचा आवाज लागताच कंपाउंडर अदबीनं बाजूला झाले. शेवटी माझी पाळी आली. मी तोंड उघडलं, आणि घड्याळजींच्या बायकोनंही हसून, जणू पाटावर जागा करून द्यावी तशी, मला वाट करून दिली.

भरलेल्या चर्चमध्ये मी एकटी गात होते. माझा तो जाड आवाज छताला लागून परत येत होता. वाटत होतं की थांबावं आणि पुन्हा नुसते ओठ हलवावेत. मी घड्याळजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात थांबला नव्हता. तो हात मला पुढे बोलावत होता. मी शेवटपर्यंत गायले.

बाहेर आल्यावर सगळे माना खाली घालून उभे. पॉइंट्समन पुटपुटले, की कंपाउंडरसाहेब म्हणत असताना आपण मधात कसं म्हणावं.  घड्याळजींनी मला बाजूला घेतलं. “चार आवाज होते, तीन दबले,” ते म्हणाले. “तू नाई दबली.” मी नमस्कार करायला वाकले, तर ते लाजून दुकानाच्या दिशेनं चालू लागले.

दुसऱ्या दिवसापासून आम्हाला दुकानाच्या चार कोपऱ्यांत, भिंतीकडे तोंड करून बसवण्यात आलं. दुसरा दिसलाच नाही म्हणजे त्याला मान देण्याचा प्रश्न येत नाही. समोरच्या भिंतीशी गाताना मागून बाकीचे तीन आवाज पाठीवर येत. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाला ते गाणं जमलं. कुणी दबलं नाही, कुणी कुणाला दाबलंही नाही. आपला आवाज आपल्यालाच धरून असतो आणि तरी तो तिघांत मिसळतो, हे सुख मला त्या दिवशी कळलं. ज्यानं ते दिलं त्याचे उपकार मी फेडू शकले नाही आणि मला ते फेडायचेही नाहीत.

पुढं पासष्टच्या सुमारास मिस्सा लॅटिन सोडून मराठीत आली. नवे फादर ढोलकी आणि झांजा घेऊन आले. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या बाया डोळे पुसत गाऊ लागल्या. आम्हाला काळजी पडली ती घड्याळजींची. आता या माणसानं करायचं काय? चर्चमध्ये येणंच सोडतील, असं कंपाउंडर म्हणत. पहिल्या मराठी मिस्सेला ते अगदी मागच्या बाकावर बसले होते. संपल्यावर मी भीत भीत जवळ गेले. “बायकोले आज समजलं,” ते म्हणाले, “इतके वर्सं मी तिच्याकडून काय म्हनवून घेत होतो ते.” आणि मग हसले. पण ते हसणं मला बघवलं नाही.

त्या आठवड्यात ते माझ्या शाळेत आले. मधल्या सुट्टीची वेळ होती. टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मले ताल शिकवशील का?”

आयुष्यभर ज्याला घरात येऊ दिलं नाही, त्याच्याकडे ते वयाच्या साठीत गेले. मी शिकवलं. मनुष्य बुद्धिमान, सुरात पक्का, पण सम काही केल्या सापडेना. ढोलकी पुढे निघून जायची आणि हे मागे कुठल्यातरी ‘आ’वर रेंगाळत असायचे. शेवटी आम्ही तोडगा काढला. रविवारी मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहायची आणि सम आली की हळूच त्यांच्या कोटाची बाही ओढायची. तरीही ते किंचित उशिराच यायचे.  तीन वर्षं मी दर रविवारी ती बाही ओढली.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. मी आल्यानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात घड्याळजी गेल्याचं कंपाउंडरांचं पत्र आलं. त्याच्या पुढच्या रविवारी इथल्या चर्चमध्ये गाणं सुरू झालं, सम आली, आणि मी डावीकडच्या अनोळखी बाईचा पदर ओढला. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.  मी नुसती मान हलवली आणि पुढची ओळ उचलली, चांगल्या मोठ्या आवाजात, आणि किंचित उशिरा.