वडशाची गाडी

तीन दिवस माझ्या डोक्यात नुसता गोंधळ होता. चांद्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांच्या डाव्या पायाची सड वर चढते आहे, घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल, नाहीतर माणूस हातचा जाईल. हे तापात होते. एवढंच म्हणाले, "तुले पटन ते कर." घरात दुसरं कोणी नाही, सही माझीच लागणार होती. जन्मभर धानाच्या बांधीत चिखल तुडवलेल्या माणसाचा पाय काढा, असं मी लिहून देऊ? आणि नाही दिलं तर? कपडे न्यायला मी ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावी आले होते. पहाटे महाकालीच्या फोटोपुढे दिवा लावला आणि चांगलं काही मागायचं सोडून भलतंच मागितलं. आई, मला तिथं पोचूच देऊ नको.

स्टेशनावर दोन्हीकडच्या गाड्या पाठोपाठ आल्या. धानाच्या रोवणीचे दिवस होते. फलाटावर रोवणाऱ्या बायांची टोळी उभी होती, लुगडी खोचलेली, हातात डबे. वीस वर्षं मी अशाच टोळीबरोबर गाडीत चढत आले आहे. त्या चढल्या, माझे पाय त्यांच्यामागून चढले. डोक्याला कोणी विचारलंच नाही. खिडकीशी जागा मिळाली. कोवळं ऊन, रोपांचे हिरवेगार पऱ्हे, गार वारा, गाडी सावकाश चाललेली. मग वैनगंगा आली, काठोकाठ भरलेली. तीन दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला आणि त्याची लाजही वाटली. चांद्याच्या वाटेवर ही नदी लागत नाही, हे कळायला मात्र पूल संपावा लागला.

मी रडू लागले. समोर टोळीतलीच एक मोकळ्या कपाळाची म्हातारी बसली होती. "कुठी जाऊन राह्यली होती बाई? हे तं वडश्याची गाडी." मी सगळं सांगून टाकलं. तिनं हातातला डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "माह्या मालकाले असंच झालं होतं. मी नाई म्हटलं. पोळ्याच्या आधीच गेले."

वडशाला उतरल्यावर ती टोळीला म्हणाली, "आज माह्या वाट्याचं तुमीच रोवा." जीपनं परत ब्रह्मपुरी, तिथून बसनं चांदा. ती दवाखान्यापर्यंत माझ्याबरोबर आली. मी सही केली तेव्हा माझ्या पाठीवर तिचा खरखरीत हात होता. कागद देऊन बाहेर आले तोवर ती बस गाठायला निघून गेली होती. नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

यंदा हे बांधावर बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधतात आणि माझ्या रांगा वाकड्या जातात म्हणून कुरकुरतात. ऐकायला बरं वाटतं. त्या सकाळी मी चुकले की मला चुकवलं, हे मला अजून समजत नाही. रोवणीच्या दिवसांत प्रत्येक डब्यात मी ती म्हातारी शोधते. बरोबर गाडीत बसले असते तर दवाखान्यात जाऊन मी नाहीच म्हणाले असते, हे मात्र मी आजवर यांनाही सांगितलेलं नाही. आता दिवा लावते, हात जोडते आणि काही मागत नाही.