कोकिळाबाईच्या बोटांतला शब्द

बोर्ली पंचतनपासून जरा आत असलेल्या त्या वाडीत सुचिताचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. सत्यनारायणाची पोथी असो की ग्रामसभेचा ठराव, वाचायला तिलाच पुढं करतात. त्या आवाजाला मुंबईच्या एका संस्थेनं बोलावणं धाडलं. शाळेच्या मुलांसाठी धडे वाचायचे, ध्वनिमुद्रण करून पाठवायचे, तेही घरबसल्या. आधी नमुन्याचे धडे, आणि ते आज दिवेलागणीच्या आत.

काम मिळालं तर सुचिता इथंच राहणार. नाही मिळालं तर दिवाळीनंतर लेकीला घेऊन पनवेलला, तिथं कंपनीत असलेल्या नवऱ्याच्या, जीवनच्या, एका खोलीत. मग घरात उरणार एकटी सासू, कोकिळाबाई. हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण रोजच्या जेवणात मीठ असावं तसं ते असायचंच.

धडे वाचून झाले. संस्थेला ते दुसऱ्या साच्यात, वेगळ्या प्रकारच्या फाईलमध्ये, हवे होते, आणि त्यासाठी लॅपटॉपमध्ये एक अवजार घालावं लागणार होतं. त्या अवजाराला ना चित्र ना रंग. काळ्या चौकटीत हुकूम टाईप करायचा, की ते कामाला लागतं. श्रीवर्धनच्या किशोरीनं, कॉलेजातल्या मैत्रिणीनं, फोनवर सगळं समजावलं. आत एक मुकादम बसलेला असतो म्हणे. त्याला नुसतं अवजाराचं नाव सांगायचं. तो इंटरनेटवरच्या भांडारातून ते आणतो, आणि त्याला लागणारं बाकीचं सामानही. नारळ पाडायला पाडेली सांगितला की दोर-कोयता तो आपला आपण घेऊन येतो, तसंच.

सुचितानं हुकूम लिहिला. मुकादमानं पासवर्ड मागितला. ती टाईप करायला लागली तर पडद्यावर काही उमटेना, ठिपकासुद्धा नाही. बटणं मेली असं वाटून तिनं लॅपटॉप उलटा धरून झटकला. लेकीनं सांडलेल्या शेवेचे तुकडे पडले, अक्षर एकही पडलं नाही. फोनवर किशोरी खदखदून हसली. म्हणाली, अगं, तिथं पासवर्ड दिसतच नाही, डोळे मिटून लिहिल्यासारखा लिही. सुचितानं अंदाजानं एक लिहिला. मुकादम म्हणाला, चुकला.

लॅपटॉप मुळात सासऱ्यांचा, भागोजींचा. त्यांचा सारा जन्म मुंबईच्या छापखान्यात गेला, आणि सुटताना साहेबांनी हा जुना लॅपटॉप हातावर ठेवला. सुचिता लग्न होऊन आली तेव्हा भागोजी भिंतीवर होते, हारासकट. जाण्याआधी त्यांनीच लॅपटॉप काही न विचारता उघडेल असा करून ठेवला होता. त्यामुळं त्यानंतर पासवर्डशी कुणाची गाठच पडली नव्हती.

जीवनला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. त्यानं बापाचं नाव सुचवलं, आपलं सुचवलं, ग्रामदेवीचं सुचवलं. मुकादम कुणालाच ओळखेना, देवीलाही नाही. शेवटी जीवन म्हणाला, आईला विचार, बाबांनी तिच्यासमोरच ठेवला होता.

कोकिळाबाई मागच्या पडवीत वाल सोलत बसली होती. शाळा दुसरीपर्यंतची. प्रश्न ऐकून तिचे हात थांबले.

"हाय ठाऊक," ती म्हणाली. "पन सांगायची न्हाय."

सुचिताच्या मस्तकात तिडीक गेली. दिवस कलत चाललाय आणि हिला आत्ताच गुपितं सुचतायत. पण तिनं जीभ आवरली आणि पनवेलचं पहिल्यांदा बोलून दाखवलं. सासूनं एक वाल दोनदा सोलला आणि मग हळूहळू बोलली. जुन्या चालीप्रमाणं नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. चारचौघांत 'जीवनचे बाबा'. पण दोघंच असली की एक निराळी हाक होती. पासवर्ड ठेवायची वेळ आली तेव्हा भागोजी म्हणाले, हे कुठल्या चोराला सुचायचं नाही, हेच ठेवू. आणि तिचं बोट धरून एकेक बटण दाबून घेतलं. पुढं लग्नाकार्यांचे फोटो बघायला ती स्वतःच लॅपटॉप उघडायची.

"आता सुनंसमोर ती हाक मारू व्हय मी?"

"मारू नका, आई. टाईप करा. तिथं काही दिसत नाही."

"तुलापन न्हाय?"

"ठिपकासुद्धा नाही."

कोकिळाबाईनं पदराला हात पुसले, येऊन खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "तू तिकडं फणसाकडं बघ गो."

सुचिता फणसाकडं बघत राहिली. मागं बटणांचा आवाज येत होता. एक, मग बराच वेळ काही नाही, मग पटपट, जशी तोंडावर आलेली हाक पुढची वाट आपली आपण धरते.

काळ्या चौकटीत ओळी सरसर धावायला लागल्या. मध्येच मुकादम थांबला. एवढं एवढं सामान लागेल, आणू ना? सुचितानं होकाराचं बटण दाबलं.

"इचारतो तरी," कोकिळाबाई म्हणाली. "आपल्याकडं पावनं न इचारताच येतात, वर माणसं घेऊन."

धडे दिवेलागणीच्या आधी गेले आणि पुढच्या आठवड्यात संस्थेचा होकार आला. पनवेलची खोली जीवननं मित्राबरोबर वाटून घेतली.

किशोरी म्हणते, पासवर्ड बदल, एका ओळीचं तर काम. सुचिता म्हणते, बघू. अजून बघतेच आहे. मुकादमानं विचारलं की ती सासूला बोलावते आणि न सांगता फणसाकडं तोंड करते. मधे बरेच दिवस त्याच्या विचारण्यावाचून गेले की कोकिळाबाईच दारात येऊन उभी राहते.

"काय गो, आज न्हाय काय इचारत तो?"