धुण्याची वीस मिनिटं

आमची ईल्वा उप्साला गावातल्या औषधांच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं आहे. मोठी पदवी नाही, पण पदव्या घेतलेली माणसं तिच्याकडे शिकायला येतात. मी थोरला भाऊ म्हणून नाही सांगत. कुणालाही विचारा.

तिचं काम असं. काचेच्या तुकड्यावर सोन्याचा पातळ थर, त्यावर आजाराच्या कणांचे बारा ठिपके. वरून औषध वाहू द्यायचं, खालून उजेड टाकायचा. औषध चिकटलं की ठिपका पडद्यावर उजळतो. रंगबिंग काही लावायचा नाही. मग साधं पाणी सोडून वीस मिनिटं धुवायचं. धुतल्यावरही उजेड राहिला तर औषधाची पकड खरी.

त्या शुक्रवारी मी त्याच इमारतीत खिडकीची काच बसवत होतो. काचेच्या कामात माझा हात धरणारा या गावात कुणी नाही. ईल्वा आली, म्हणाली, वर ये जरा. चेहरा पांढराफटक.

झालं होतं असं की उन्हाळ्यात तिने एका औषधाला घट्ट पकड आहे म्हणून कागद दिला होता. सोमवारी ते पहिल्या पेशंटला, एका बाईला, टोचणार होते. त्या बाईने त्यासाठी आपलं जुनं औषध बंद केलं होतं. आणि आज वही चाळताना ईल्वाला त्या मोजमापाची नोंद दिसली, धुणं सुरू दोन अठ्ठावन्न, बंद तीन. तीनला सगळे कॉफीला बसतात. त्या दिवशी केकची पाळी तिची. लोक ताटकळतील म्हणून तिने यंत्र थांबवलं होतं.

"दोन मिनिटं तर कुठलंही औषध धरून राहतं," ती म्हणाली.

तिने तेच मोजमाप पुन्हा लावलं होतं. मी म्हटलं, तुझ्या हातून चूक होणं शक्य नाही, माझी बहीण आहेस. ती म्हणाली, तू फक्त बस.

दोन मिनिटं बाराही ठिपके लखलखीत. पाचव्या मिनिटाला कोपऱ्यातला एक मंदावला. मग दुसरा, तिसरा. अकराव्या मिनिटाला पडदा जवळजवळ काळा. तरी तिने वीस मिनिटं पुरी केली.

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. म्हटलं, वही तुझ्याचकडे आहे, कुणाला कळणार?

"त्या बाईला काय सांगू, सिक्स्टन? केक होता म्हणून?"

बाहेर कपांचे आवाज सुरू झाले होते. ती गेली, मी मागोमाग. तिचा साहेब यालमार वेलचीचा पाव तोडत होता.

"यालमार, सोमवारचं थांबव. उन्हाळ्यातलं धुणं मी अर्धवट सोडलं होतं."

"किती?"

"अठरा मिनिटं राहिली."

तो उठून फोनला गेला. परत आला तेव्हा म्हणाला, टोचणं थांबलं, बाईचं जुनं औषध आजच चालू करतायत.

"बंद किती दिवस होतं?" ईल्वाने विचारलं.

"अकरा."

ती खाली बसली. त्या अकरा दिवसांनी बाईचं काय केलं, ते अजून आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. फोन वाजला की ईल्वा आधी माझ्याकडे बघते.